‘प्रकाशाचा वेग कधीच बदलत नाही’: त्या मेसेजमधून गळलेले दोन शब्द

मी पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत होते. ‘पांढरा प्रकाश लोलकातून गेल्यावर रंगांचा पट्टा का दिसतो?’ या प्रश्नाखाली एका मुलीने लिहिलं होतं, ‘पुस्तकातले कारण चूक आहे. आईनस्टाईन यांनी सिद्ध केले आहे की प्रकाशाचा वेग कधीच बदलत नाही.’ अक्षर नेटकं, वाक्याखाली पट्टीने मारलेली रेघ. मुलगी हुशार आहे. उत्तर येत नव्हतं म्हणून काहीतरी ठोकून दिलंय, असा प्रकार नव्हता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारलं तर म्हणाली, ‘बाई, बिल्डिंगच्या ग्रुपवर आलंय. बाबांनी पण वाचलं, ते म्हणाले बरोबर वाटतंय.’

त्याच आठवड्यात तो मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. पालकांच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि आमच्या गिरगावातल्या चाळीच्या ग्रुपवर. मजकूर असा: काचेत लाल प्रकाश जलद आणि जांभळा हळू जातो, हे शाळेत शिकवलं जाणारं खोटं आहे. आईनस्टाईनच्या मते प्रकाशाचा वेग कायम असतो. वेग कमी झालाच, तर काचेबाहेर आल्यावर तो पुन्हा वाढवायला ऊर्जा कुठून येते? खिडकीच्या काचेतून रंग दिसत नाहीत, म्हणजे रंग लोलकाची काचच तयार करते. निळ्या प्रकाशात ऊर्जा जास्त, मग तो हळू कसा? काचेत प्रकाश अणूंवर आपटत नागमोडी जातो, रस्ता लांबतो इतकंच, वेग तोच राहतो. आणि शेवटी, हा फरक आजवर कोणी मोजलेला नाही, खुद्द न्यूटननेही काचेत प्रकाश हळू जातो असं म्हटलेलं नाही. ‘जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा.’

बावीस वर्षं मी लालबाग-परळ भागात मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवते आहे. हा मेसेज अडाणी माणसाने लिहिलेला नाही. त्यातले दोन-तीन प्रश्न वर्गात मुलांनी विचारावेत असेच आहेत, एक वाक्य तर शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच ‘असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. एकेक मुद्दा घेते.

आधी आईनस्टाईन. मेसेजमधून दोन शब्द गळले आहेत: ‘निर्वात पोकळीत’. १९०५ सालापासून जे मानलं जातं ते इतकंच की निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मोजता येतो, मोजणारा कितीही वेगाने जात असो. तो वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावरून करतात, आणि त्या व्याख्येतही ‘निर्वातात’ हा शब्द आहे. तो शब्द काढला तर व्याख्या निरर्थक होते. पाण्यात हाच वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो आणि काचेत सुमारे दोन लाखांवर. त्याने आईनस्टाईनच्या सिद्धांताला धक्का लागत नाही, कारण त्या सिद्धांताने काचेबद्दल तसं काही म्हटलेलंच नाही.

पाण्यातला प्रकाश खरोखर हळू जातो याचा एक पुरावा तर मुंबईतच आहे. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) किनाऱ्यावर ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. आशियातली पहिली, आणि पाण्याच्या कुंडात बुडवलेली. अशा भट्टीच्या गाभ्याभोवती पाण्यात निळसर प्रकाश दिसतो. भट्टीतून निघणाऱ्या किरणांमुळे पाण्यात काही इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने सुटतात की ते पाण्यातल्या प्रकाशाला मागे टाकतात. विमान आवाजाच्या पुढे गेलं की धडाका ऐकू येतो, तसा हा प्रकाशाचा धडाका. चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये तो ओळखला, १९५८ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. निर्वातातल्या वेगाला इलेक्ट्रॉन कधीच गाठत नाही. पाण्यातल्या प्रकाशाला तो गाठतो, कारण तिथे प्रकाशच मंदावलेला असतो. मेसेज खरा असता तर ती निळी झाक दिसलीच नसती.

आणि मेसेजच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्टही आहे. पोकळीत सगळ्या रंगांचा वेग एकच, हे खरंच आहे, आणि फार कसून तपासलेलं आहे. १० मे २००९ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीने एक गॅमा किरणांचा स्फोट टिपला. गॅमा किरण म्हणजेही प्रकाशच, डोळ्याला न दिसणारा; त्यातली कमी-जास्त ऊर्जा म्हणजे वेगवेगळे रंगच समजा. त्या किरणांचा प्रवास सात अब्ज वर्षांहून जास्त. त्यातला अतिप्रचंड ऊर्जेचा एक किरण आणि कमी ऊर्जेचे किरण यांच्या पोचण्यात जेमतेम एका सेकंदाचा फरक. पोकळीत रंगागणिक वेग वेगळा असता तर सात अब्ज वर्षांत ते कुठल्या कुठे पांगले असते. म्हणजे पोकळीत पांगत नाहीत, काचेत पांगतात. तेव्हा जे काही घडतं ते काचेमुळे घडतं. पुढचं सगळं या एका वाक्यातून येतं.

दुसरा प्रश्न मला मनापासून आवडला: बाहेर आल्यावर वेग पुन्हा वाढतो, मग ऊर्जा कुठून येते? वर्गात मी याचं उत्तर लेझमीच्या पथकावरून देते. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला निघालेलं पथक डोळ्यांसमोर आणा. मुलं एका सरळ ओळीत, डांबरी रस्त्यावरून तिरक्या दिशेने वाळूकडे चाललीत. ढोलाचा ठेका ठरलेला, प्रत्येक ठेक्याला एक पाऊल. ओळीचं डावं टोक आधी वाळूत शिरतं. ठेका तोच, पण वाळूत पाऊल लहान पडतं, म्हणून ते टोक मागे रेंगाळतं. उजवं टोक अजून डांबरावर लांब ढांगा टाकतंय. साहजिकच सगळी ओळ वळते. प्रकाश काचेत शिरताना वळतो तो असाच. ठेका म्हणजे वारंवारता, पाऊल म्हणजे तरंगलांबी. काचेत वारंवारता बदलत नाही, तरंगलांबी आखडते. हवेत ६५६ नॅनोमीटर असलेला लाल प्रकाश क्राउन काचेत, म्हणजे भिंगांच्या साध्या काचेत, ४३३ नॅनोमीटरचा होतो. म्हणून तो निळा होत नाही, कारण रंग ठरतो ठेक्यावर. आता पथक वाळू ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर आलं तर? ठेका तोच, पाऊल पुन्हा लांब. कोणी ढकलावं लागत नाही.

दाखल्याची मर्यादा सांगते, कारण मुलं लगेच विचारतात: वाळूत माणूस दमतो. प्रकाश दमत नाही. बंदुकीची गोळी लाकडाच्या फळीतून गेली की तिचा वेग कायमचा घटतो, कारण तिची ऊर्जा तिच्या वेगात असते. प्रकाशाची ऊर्जा वेगात साठवलेली नसते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. रात्री खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब खिडकीत दिसतं ते त्यामुळेच. तेवढी ऊर्जा पुढे जात नाही, आणि त्याचा परिणाम काय, तर पलीकडचा प्रकाश जरासा अंधूक होतो. संथ होत नाही. ऊर्जा कमी झाली की उजेड कमी होतो, वेग नाही. मेसेज लिहिणाऱ्याने गोळीचा विचार केला आहे, लाटेचा केलेला नाही.

तिसरा मुद्दा, खिडकीच्या काचेचा. हा वर्गातही दरवर्षी येतो. खिडकीच्या काचेतही रंग सुटे होतातच. पण तिच्या दोन्ही बाजू समांतर, म्हणून शिरताना जेवढा रंग वळतो तेवढाच बाहेर पडताना उलटा वळतो आणि सगळे रंग पुन्हा एकाच दिशेने चालू लागतात. उरतं ते बाजूला सरकणं. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेवर ४५ अंशांत पडलेल्या प्रकाशासाठी मी हिशेब केला. लाल आणि निळा एकमेकांपासून सरकतात सुमारे ०.०१३ मिलिमीटर. केसाच्या जाडीहूनही कमी, डोळ्याला कसं दिसणार? लोलकाच्या बाजू समांतर नसतात, दुसऱ्या बाजूने रंग परत जवळ येण्याऐवजी आणखी फाकतात. फरक एवढाच.

‘रंग काच तयार करते’ याचं उत्तर न्यूटनने देऊन ठेवलं आहे. १६७२ साली त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. खिडकीच्या झडपेला भोक पाडून त्याने लोलकातला पट्टा २२ फुटांवरच्या भिंतीवर पाडला होता. पट्टा सव्वातेरा इंच लांब, अडीच इंचांहून किंचित जास्त रुंद. म्हणजे पाचपट लांब. नंतर त्या पट्ट्यातला एकच रंग फटीतून पुढे सोडून त्याने दुसऱ्या लोलकावर पाडला. काच जर रंग देत असती तर दुसऱ्या लोलकाने नवे रंग दिले असते. दिले नाहीत. लाल गेला तो लाल निघाला, फक्त वळला, आणि निळा त्याच्यापेक्षा जास्त वळला.

आम्ही हे शाळेत करून पाहिलं. प्रयोगशाळेची पश्चिमेची खिडकी, दुपारी चार-साडेचारचं ऊन. काळ्या पुठ्ठ्याला ब्लेडने बारीक फट पाडली, मागे लोलक ठेवला, लोलकापासून भिंत तीन मीटरवर. लोलक टेबलावर हळूहळू फिरवत गेलं की पट्टा भिंतीवर सरकतो, एका जागी थांबतो आणि परत फिरतो. जिथे परत फिरतो तिथे लोलक ठेवायचा, तिथे पट्टा सर्वांत स्वच्छ. तानापिहिनिपाजा, सगळे हजर. मुलांनी मोजला तेव्हा पट्टा साधारण १० सेंटीमीटर भरला. त्यातले सुमारे पावणेतीन सेंटीमीटर सूर्याच्या थाळीच्या आकाराचे, बाकीचे काचेचे. मग पट्ट्यातल्या हिरव्यावर दुसरा पुठ्ठा आणि दुसरा लोलक. पलीकडे हिरवंच. दोन लोलक, दोन पुठ्ठे आणि ऊन, इतक्यात होतं. ज्या पालकांनी मेसेज पुढे पाठवला त्यांनी एका संध्याकाळी घरी करून पाहावं, हे मी अगदी आर्जवाने म्हणते.

‘निळ्यात ऊर्जा जास्त, मग तो हळू कसा?’ यावर लोक सर्वांत जास्त अडखळतात, आणि खरी गंमत इथेच आहे. थोडं थांबून सांगते.

काचेतल्या प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन जागच्या जागी बांधलेले असतात, जणू स्प्रिंगला टांगलेले. प्रकाशाची लाट आली की तिच्या ठेक्यावर ते हलू लागतात. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही तशीच लाट सोडतो, ठेका तोच, पण किंचित मागून. मूळ लाट आणि या असंख्य छोट्या लाटा मिळून जी लाट काचेतून पुढे सरकते तिची शिखरं मागे पडत जातात. आपण ‘काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो’ म्हणतो ते हे. वाटेत कुठे थांबणं नाही, आपटणं नाही. दोन प्रकारच्या लाटांची बेरीज आहे.

आता झोपाळा आठवा. प्रत्येक झोपाळ्याची आपली एक लय असते. त्या लयीच्या जवळ धक्के दिले की तो जोरात झुलतो, फार सावकाश धक्के दिले की नुसता हातासोबत पुढेमागे होतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनची स्वतःची लय अतिनील भागात असते, जांभळ्याच्याही पलीकडे. लाल प्रकाशाचा ठेका त्या लयीपासून लांब, म्हणून इलेक्ट्रॉन थोडेसेच हलतात. निळ्या-जांभळ्याचा ठेका जवळ, म्हणून जास्त हलतात, त्यांच्या लाटा जास्त जोरकस, शिखरं जास्त मागे पडतात. निळा हळू जातो तो अशक्त म्हणून नाही. त्याच्या ठेक्याला काच जास्त प्रतिसाद देते म्हणून. ऊर्जा जास्त असणं आणि वेग जास्त असणं हे चेंडूच्या बाबतीत जोडीने येतं, प्रकाशाच्या बाबतीत त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आकडे पाहायचे तर भिंगांसाठी सर्रास वापरली जाणारी क्राउन काच घ्या. अपवर्तनांक म्हणजे निर्वातातला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट, तो आकडा. ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला तिचा अपवर्तनांक १.५१४३, ४८६ नॅनोमीटरच्या निळ्याला १.५२२४. भागाकार करा: लालच्या शिखरांचा वेग सेकंदाला सुमारे १,९७,९७० किलोमीटर, निळ्याचा १,९६,९२०. फरक हजारभर किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा. एक सेंटीमीटर काच ओलांडताना निळी शिखरं लालच्या मागे राहतात ती सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही पाव हिश्श्याने. एवढ्या बारीक फरकातून भिंतीवरचा तो पट्टा उलगडतो.

चष्मा असलेल्या प्रत्येकाने हा फरक स्वतःच्या डोळ्याने पाहिलेला आहे, फक्त तो काय आहे हे कोणी सांगितलं नाही. चष्म्याचा नंबर काढताना शेवटी एक पाटी दाखवतात, अर्धी लाल आणि अर्धी हिरवी, दोन्हींवर काळी अक्षरं. ‘लालमधली अक्षरं ठळक दिसतात की हिरव्यातली?’ दादरला मागच्या वेळी मला विचारलं, मी ‘लाल’ म्हटलं, आणि ऋण नंबर पाव अंकाने वाढला. डोळ्यातले भिंग आणि द्रव हेही पारदर्शक माध्यमच. त्यांत हिरवा प्रकाश लालपेक्षा हळू जातो, जास्त वळतो, डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या जरा अलीकडे एकवटतो. लाल जरा पलीकडे. नंबर बरोबर असला तर पडदा दोघांच्या मधोमध येतो आणि दोन्ही सारखे दिसतात. सगळ्या रंगांचा वेग डोळ्यात सारखा असता तर त्या पाटीचा काही उपयोगच नसता. माझ्या चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या आहेत. हे प्लास्टिक रंग जास्त फाकवतं, त्यामुळे मान न वळवता नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून ट्यूबलाइटकडे पाहिलं की तिच्या एका कडेला निळी आणि दुसरीला तांबूस किनार दिसते. काच बदलावी लागत नाही, पण एकदा दिसली की रोज दिसते.

नागमोडी रस्त्याचा मुद्दा थोडक्यात. प्रकाश खरोखरच कणाकणावर आपटत पुढे गेला तर काय होतं ते घरोघरी दिसतं: पेलाभर दूध. दुधात स्निग्धाचे बारीक थेंब असतात, प्रकाश त्यांच्यावर आदळून हवा तिकडे भरकटतो, म्हणून पलीकडचं बोट दिसत नाही. याला विकिरण म्हणतात, अपवर्तन (म्हणजे प्रकाशाचं वळणं) नव्हे. काच तशी असती तर काच पांढरी दिसली असती. उलट इंटरनेटच्या तंतूतली काच इतकी स्वच्छ असते की १५ किलोमीटर काचेतून, म्हणजे सीएसएमटीपासून कुर्ल्याइतकं अंतर गेल्यावरही, निम्मा प्रकाश शिल्लक राहतो, आणि तोही ज्या क्रमाने पाठवला त्याच क्रमाने. अणूंवर आपटत भरकटलेल्या प्रकाशाला हे जमलं नसतं.

राहिला शेवटचा दावा, कोणी मोजलेलं नाही आणि न्यूटननेही तसं म्हटलेलं नाही. यातला न्यूटनचा भाग खरा आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. न्यूटन प्रकाशाला बारीक कण मानत होता. काच त्या कणांना आत ओढते, म्हणून ते वळतात, असं त्याचं म्हणणं. त्या हिशेबाने काचेत वेग वाढायला हवा. त्याच्याच काळातला हायगेन्स प्रकाशाला लाट मानत होता, त्याच्या मताप्रमाणे तो घटायला हवा. वळण्याचं गणित दोन्हींचं जुळतं. म्हणजे नुसत्या वळण्यावरून वेग वाढला की घटला हे ठरत नाही. ‘वळतो म्हणजे हळू झाला असं कशावरून?’ हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे, आणि विज्ञानाला तो जवळजवळ दोनशे वर्षं पुरला. १८५० मध्ये पॅरिसला फुको यांनी गरगर फिरणारा आरसा वापरून हवेतला आणि पाण्यातला प्रकाश एकमेकांशेजारी ठेवून पाहिला. पाण्यातला मागे पडला. न्यूटन या मुद्द्यावर चुकला होता. तो चुकला असं पुस्तकात लिहिण्याने न्यूटन लहान होत नाही.

रंगारंगांतला फरकही मोजला गेला आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत मायकेलसन यांनी कार्बन डायसल्फाइड या द्रवातून प्रकाश सोडला. हा द्रव रंग काचेपेक्षाही जोरात फाकवतो. नारिंगी-लाल प्रकाश हिरव्या-निळ्यापेक्षा एक ते दोन टक्क्यांनी जलद निघाला. वळण्यावरून अनुमान नाही, थेट वेग. त्या मोजणीत आणखी एक गोष्ट सापडली. अपवर्तनांकावरून हवेतला वेग द्रवातल्या वेगाच्या १.६४ पट यायला हवा होता, आला १.७६ पट. पुढे भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की फिरत्या आरशाने मोजला जातो तो एकेका शिखराचा वेग नाही, लाटांच्या अख्ख्या झुबक्याचा आहे, आणि रंगागणिक वेग वेगळा असेल तर झुबका शिखरांपेक्षा हळू जातो. म्हणजे आकडा जुळला नाही, आणि न जुळण्याचं कारणही रंगांचे वेगळे वेग हेच निघालं. इतका पक्का पुरावा मला दुसरीकडे क्वचित दिसला आहे.

आणि आज? ज्या फोनवर तो मेसेज आला त्याच्यासाठी हा फरक रोज मोजावा लागतो. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलपैकी बऱ्याचशा मुंबईत, वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर वर येतात. त्यांच्यातल्या काचतंतूतून अवरक्त, म्हणजे लालच्याही पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके जातात. कुठलाही ठोका अगदी एकाच तरंगलांबीचा नसतो, थोडी इकडेतिकडे असतेच. नेहमीच्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या आसपास एक नॅनोमीटरचा फरक एका किलोमीटरमागे १७ पिकोसेकंदांचा उशीर करतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. ठोका ०.१ नॅनोमीटर पसरट असला तर १०० किलोमीटरमध्ये तो १७० पिकोसेकंद फाकतो. सेकंदाला एक हजार कोटी ठोके पाठवायचे तर दोन ठोक्यांत अंतर असतं १०० पिकोसेकंदांचं. म्हणजे एक ठोका पुढच्याच्या अंगावर जातो. उपाय म्हणून उलट्या गुणाचा तंतू जोडतात किंवा पलीकडच्या यंत्रात गणिताने दुरुस्ती करतात. काचेत रंग वेगवेगळ्या वेगाने जात नाहीत हे खरं धरून कोणी ही लाइन टाकली असती, तर तो मेसेज कोणापर्यंत पोचलाच नसता.

इथे आमच्या पुस्तकातल्या वाक्यालाही एक पुरवणी जोडायला हवी. ‘लाल जलद, जांभळा हळू’ हा काच, पाणी, हिरा यांच्यासाठी आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी खरा नियम आहे. सगळीकडे नाही. १५५० नॅनोमीटरच्या त्या तंतूत लांब तरंगलांबीचा ठोका मागे राहतो, पुढे जात नाही. फुक्सिन नावाच्या किरमिजी रंगद्रव्याच्या द्रावणात निळा लालपेक्षा कमी वळतो, हे क्रिस्टियानसेन यांनी १८७० मध्ये दाखवलं. कारण त्या रंगद्रव्यातल्या इलेक्ट्रॉनची लय अतिनीलात नाही, दिसणाऱ्या प्रकाशाच्या मधोमध, हिरव्याच्या जवळ आहे. झोपाळ्याची लय बदलली की क्रम बदलतो.

ती मुलगी प्रयोगाच्या दिवशी पुढे उभी होती. मी तिचा गुण कापला होता आणि का कापला ते सांगितलं होतं, पण तिला माझ्यावरही लगेच विश्वास ठेवायचा नव्हता, आणि ते मला बरं वाटलं. तिने पट्टी घेतली, भिंतीवर कागद चिकटवला आणि रंगांच्या हद्दी पेन्सिलीने आखल्या. मग म्हणाली, ‘बाई, हे सारखे नाहीयेत. लाल-नारिंगी अगदी दाटीत आहेत आणि निळ्या-जांभळ्याने केवढी जागा घेतलीय.’

मी हे तिला सांगितलं नव्हतं. त्या क्राउन काचेचे आकडे मी मग फळ्यावर लिहिले. ७०० ते ६०० नॅनोमीटरमध्ये अपवर्तनांक ०.००३२ ने वाढतो, ६०० ते ५०० मध्ये ०.००५१ ने, ५०० ते ४०० मध्ये ०.००९४ ने. तीन मीटरवरच्या भिंतीवर म्हणजे दीड, सव्वादोन आणि सव्वाचार सेंटीमीटर. जांभळ्याकडे जाऊ तसा पट्टा ताणला जातो, कारण इलेक्ट्रॉनची लय त्या बाजूला आहे आणि आपण तिच्याकडे सरकतोय. काचेच्या आत काय चाललंय याची खूण तिच्या कागदावर पेन्सिलीच्या रेघांत आली होती.

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग जांभळ्याच्या पलीकडे, जिथे भिंत नुसती पांढरी दिसत होती, तिथे तिने आणखी एक रेघ मारली. ‘इथेपण काहीतरी येत असेल ना?’

येतं. १८०१ साली रिटर यांनी तिथे सिल्व्हर क्लोराइड ठेवलं आणि ते जांभळ्यातल्यापेक्षाही लवकर काळं पडलं. सिल्व्हर नायट्रेट प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, मीठ ती घरून आणणार आहे. येत्या शनिवारी ऊन असलं तर आम्ही शाळा सुटल्यावर थांबतोय. तिचे बाबाही येतो म्हणालेत.